मनात चित्र न दिसणाऱ्यांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कोणी मनात चित्रे पाहून विचार करतो, कोणी स्वतःशी बोलून, तर कोणी हातांनी, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावरील आपल्या प्रतिक्रियेत चार-पाच मुद्दे असले, तरी एका वाक्याची दखल घेतल्यावाचून राहवत नाही: “लेखकाला ‘मला असे वाटते’ आणि ‘असे असते’ यांतला फरक कळत नाही, आणि शिकल्यासवरलेल्या माणसाला हे शोभत नाही.” मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु मुद्द्याला हात घालण्याआधीच समोरच्याची लायकी काढणे कोणाला शोभते, याचाही आपण विचार करावा.

आता त्या फरकाविषयी. डोळे मिटल्यावर मला काहीही दिसत नाही. ज्या खोलीत बसून मी रोज लिहितो, तिच्या भिंती फिकट हिरव्या आहेत हे मला माहीत आहे. पण ते पाठ केलेल्या माहितीसारखे, तो हिरवा रंग काही डोळ्यांपुढे येत नाही. बहिणीचे हसणे मात्र, मध्येच श्वास अडकण्याच्या तिच्या लकबीसह, हवे तेव्हा कानात उमटते. शाळेत भूमितीचे शिक्षक ‘हा घन मनातल्या मनात फिरवून पाहा’ असे म्हणत, तेव्हा मी पुटपुटत कडा आणि कोपरे मोजून उत्तर काढीत असे आणि ‘घोकंपट्टी करतोस’ म्हणून बोलणी खात असे. इतरांना खरोखरच काही दिसते, हे मला फार उशिरा समजले. ज्याने हे आयुष्यभर अनुभवले आहे, त्याला ‘तुला नुसते तसे वाटते’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि हे माझ्या एकट्याचे नाही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणायला सांगून ते किती उजळ, किती रेखीव, किती रंगीत दिसते, हे विचारले आणि १८८० मध्ये त्याविषयी लिहिले. उत्तर देणाऱ्या वैज्ञानिकांपैकी कित्येकांना असे चित्र दिसणे हीच मुळी इतरांची कविकल्पना वाटली होती. मनात चित्र न दिसण्याच्या या अवस्थेला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. उजळ आकृती नुसती कल्पनेत आणली तरी सामान्यतः डोळ्यांच्या बाहुल्या किंचित आकसतात. मनात चित्र न दिसणाऱ्यांच्या गटात तसे आढळले नाही, असा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. बाहुली ‘मला असे वाटते’ म्हणत नाही, महोदय.

‘हातांनी विचार’ या शब्दांची आपण टर उडवली आहे. रोज टंकला जाणारा पासवर्ड एखाद्याला अचानक तोंडी विचारून पाहा. तो थबकतो, टेबलावर बोटे चालवतो, आणि बोटे कुठे गेली हे पाहत एकेक अक्षर सांगतो. ती माहिती त्या क्षणी कुठे होती, हे आपणच सांगावे.

‘दृश्य-श्राव्य शैली २००८ मध्येच मोडीत निघाल्या’ हा आपला आक्षेप वेगळ्याच गोष्टीवर, म्हणजे कोणी पाहून तर कोणी ऐकून अधिक चांगले शिकतो या कल्पनेवर आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील संशोधन-आढाव्याने, ज्याच्या त्याच्या शैलीनुसार शिकवल्यास शिकणे सुधारते या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असे म्हटले. माणसांची मने आतून सारखीच असतात, असे नव्हे. लेखाच्या शेवटाकडील एक वाक्य त्या दाव्याकडे झुकल्यासारखे वाचता येते आणि तिथे अधिक जपून लिहिता आले असते, एवढे मी मान्य करतो. आपण मात्र त्या एका वाक्यावरून संपूर्ण लेखाला ‘थोतांड’ ठरवून मोकळे झालात.

नजर कोणत्या बाजूला वळते यावरून माणसाची विचारपद्धती ओळखण्याचा प्रकार मी कुठेही मांडलेला नाही. तो माझ्या माथी मारू नये. राहिली लेखाच्या लांबीविषयीची तक्रार. तो शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती कोणावरही नव्हती.