फेडरल कोर्ट म्हणजे ‘वरचं’ कोर्ट नव्हे

‘अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसाने जपून ठेवावे’ अशा मथळ्याचा एक मेसेज न्यू जर्सीतल्या आमच्या ग्रुपांमध्ये पुन्हा पुन्हा येतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: दावा ७५ हजार डॉलरच्या वरचा असेल तर तो फेडरल कोर्टात जातो. आपण मूळचे परदेशी, म्हणून फेडरल कोर्ट मागणं हा आपला हक्कच आहे. दाव्यात फेडरल कायद्याचं किंवा राज्यघटनेचं नाव आलं की तो स्टेट कोर्टात चालूच शकत नाही. घटस्फोट आणि मुलांचा ताबा दोन देशांमधला असेल तर तोही फेडरल. स्टेट कोर्टात हरलात तरी वर फेडरल कोर्ट आहेच. आणि शंका असेल तर फेडरलमध्येच टाका, चुकलं तर कोर्ट स्वतः योग्य जागी पाठवतं.

यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. मी वकील नाही, पण वकिलाच्या ऑफिसात ११ वर्षं दाव्यांची कागदपत्रं तयार करते आहे. या मेसेजवर विसंबून भरलेले कागद माझ्या टेबलावर आलेत, म्हणून हे लिहिते आहे.

गोंधळाचं मूळ आपल्या सवयीत आहे. भारतात न्यायालयांची एकच शिडी असते: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. साताऱ्याचे न्यायाधीश केंद्राचा करार कायदाही लावतात आणि राज्याचा भाडे कायदाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ सांगतं की मनाई नसेल तो प्रत्येक दिवाणी दावा दिवाणी न्यायालयाने ऐकायचा. अमेरिकेत मात्र शेजारी शेजारी दोन शिड्या उभ्या आहेत: एक राज्याची, दुसरी फेडरल, म्हणजे केंद्राची. राज्याच्या कोर्टाचं दार आपल्या कलम ९ सारखं, बहुतेक सगळ्यांना उघडं. फेडरल कोर्टाचं दार मुळात बंद असतं. राज्यघटनेने परवानगी दिली आहे आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून उघडलं आहे तेवढंच ते उघडतं, आणि आपण त्यात बसतो हे दाखवायची जबाबदारी आत जाणाऱ्यावर असते. नावांनी फसू नका. न्यूयॉर्क राज्यात मूळ खटला चालतो त्या कोर्टाचं नाव ‘सुप्रीम कोर्ट’ आहे, आणि फेडरल शिडीची खालची पायरी म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’. अशी ९४ आहेत.

आता ७५ हजारांचं. एडिसनला राहणारे एक काका फेडरल कोर्टाचा जेएस ४४ हा फॉर्म घरीच भरून घेऊन आले होते. बेसमेंटचं काम अर्धवट सोडून गेलेल्या कंत्राटदाराकडून त्यांना ९० हजार डॉलर परत हवे होते. या फॉर्मवर अधिकारक्षेत्राचा आधार विचारणारे चार चौकोन असतात: अमेरिकी सरकार वादी, अमेरिकी सरकार प्रतिवादी, फेडरल प्रश्न, आणि डायव्हर्सिटी, म्हणजे दोन बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या किंवा देशांच्या असणं. काकांनी चौथ्यावर ठसठशीत खूण केली होती. मी विचारलं, “काका, तुम्ही सिटिझन झालात ना? आणि कंत्राटदार कुठला?”

“मी २०१४ सालीच झालो. तो इथलाच, पिस्काटावेचा. पण रक्कम बघ ना, ९० हजार!”

डायव्हर्सिटीत रक्कम ही दुसरी अट आहे. पहिली अट अशी की दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिक हव्यात, किंवा एक बाजू परदेशी नागरिक हवी. तेही पूर्णपणे: वादींपैकी एकही जण प्रतिवादींपैकी कुणाच्याही राज्यातला असता कामा नये. हे सर्वोच्च न्यायालयाने १८०६ पासून धरून ठेवलं आहे. न्यू जर्सीचा माणूस न्यू जर्सीच्याच माणसावर नुसत्या करारभंगासाठी ९० लाखांचा दावा करू दे, तो राज्याच्याच कोर्टात. कंपनी असेल तर तिची नोंदणी जिथे झाली ते राज्य आणि तिचं मुख्य कार्यालय आहे ते राज्य, दोन्ही मोजतात. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, असेल तर प्रत्येक भागीदाराचं राज्य बघावं लागतं, आणि इथे भलेभले वकील अडकतात. आणि रक्कम ७५ हजारांहून जास्त हवी, बरोबर ७५ हजार चालत नाही. याउलट फेडरल कायद्याखालच्या दाव्याला १९८० पासून सर्वसाधारणपणे रकमेची अटच नाही. फेडरल कायद्याने देय असलेल्या ओव्हरटाइमचे दोन हजार डॉलर थकले असतील तरी फेडरल कोर्टात जाता येतं. मेसेजवाल्याने मोठं आणि छोटं हा जो निकष लावलाय तो कुठेच बसत नाही.

‘आपण परदेशी’ या मुद्द्याचं नीट ऐका, कारण आपल्या लोकांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. नागरिकत्व घेतलं असेल तर तुम्ही तुमच्या राज्याचे नागरिक, जन्म मिरजेचा असो की मियामीचा. ग्रीन कार्ड असेल आणि समोरचा अमेरिकी नागरिक तुमच्याच राज्यात कायमचा राहत असेल तर डायव्हर्सिटी नाही. २०११ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलंय. एच-१बी वर असलेला भारतीय नागरिक न्यू जर्सीच्या नागरिकाविरुद्ध ७५ हजारांहून जास्तीचा दावा करत असेल तर मात्र फेडरल दार उघडू शकतं. पण तोच दावा दुसऱ्या भारतीय नागरिकाविरुद्ध असेल तर पुन्हा बंद, कारण परदेशी विरुद्ध परदेशी हा वाद डायव्हर्सिटीत बसत नाही.

आणि जे अमेरिकी पासपोर्ट घेऊन कायमचे पुण्याला परतलेत त्यांचं काय? ते अमेरिकेचे नागरिक आहेत, म्हणून परदेशी नाहीत. त्यांचा कायमचा रहिवास कोणत्याही राज्यात नाही, म्हणून कुठल्या राज्याचेही नागरिक नाहीत. डायव्हर्सिटीच्या आधारावर त्यांना दावा करता येत नाही आणि त्यांच्यावरही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हेच सांगितलं. जेएस ४४ वरच्या नागरिकत्वाच्या रकान्यांत अशा माणसासाठी चौकोनच नाही.

फेडरल कायद्याचं नाव घातलं की झालं, या समजुतीला उत्तर मोटली दांपत्याच्या गोष्टीत आहे. केंटकीतल्या या नवरा-बायकोला १८७१ साली रेल्वे अपघातात इजा झाली. भरपाईवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात रेल्वे कंपनीने त्यांना हयातभर मोफत पास कबूल केले आणि ३० हून अधिक वर्षं दिलेही. १९०६ साली काँग्रेसने मोफत पासांवर बंदी घातली आणि कंपनीने पास बंद केले. मोटली फेडरल कोर्टात गेले. म्हणणं असं की ही बंदी जुन्या पासांना लागू नाही, आणि लागू असेल तर ती घटनाबाह्य आहे. ते जिंकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा दोन्ही पक्षांपैकी कुणीही अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला नव्हता. न्यायालयाने तो आपणहून काढला आणि १९०८ मध्ये सांगितलं: तुमचा मूळ दावा करारभंगाचा आहे, फेडरल कायदा हा कंपनीचा बचाव आहे. बचावात काय येईल याचा अंदाज बांधून तो आपल्या वादपत्रात लिहिल्याने दावा फेडरल होत नाही. मग त्या दोघांनी केंटकीच्या कोर्टात नव्याने सुरुवात केली, तिथेही जिंकले, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पहिल्या फेरीची सगळी वर्षं वाया गेली. आजही आधी हाच प्रश्न विचारायचा असतो: माझा हक्क कोणत्या कायद्यातून येतो?

आणि हक्क फेडरल कायद्यातून आला तरी स्टेट कोर्ट बंद होत नाही. पेटंट, कॉपीराइट, दिवाळखोरी अशी काही प्रकरणं फक्त फेडरल कोर्टाची. पण नोकरीतल्या भेदभावाचे, थकलेल्या ओव्हरटाइमचे फेडरल दावे राज्याच्या कोर्टातही चालतात. मग समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत ते फेडरल कोर्टात नेण्याचा पर्याय प्रतिवादीला असतो, वादीला नसतो. उलट वादीने नंतर वादपत्रातून फेडरल मुद्दे पूर्ण काढून टाकले आणि डायव्हर्सिटीही नसेल, तर प्रकरण राज्याकडे परत जातं. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल जानेवारी २०२५ चा, एकमताचा.

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा देणं हे काम फेडरल कोर्ट करत नाही. हा अपवाद १८५९ पासूनचा आहे आणि १९९२ मध्ये पुन्हा पक्का झाला. नवरा टेक्सासला आणि बायको नाशिकला असली तरी. ताब्यासाठी बहुतेक राज्यं बघतात की दावा दाखल होण्याआधी सलग सहा महिने मूल कुठे राहत होतं, आणि त्यासाठी भारतालाही एखाद्या राज्यासारखंच धरतात. मूल परदेशी पळवून नेल्याबाबतचा १९८० चा हेग करार आहे, त्याखालचे अर्ज फेडरल कोर्ट ऐकतं हे खरं. पण त्यात फक्त मूल परत पाठवायचं की नाही एवढंच ठरतं, आणि भारत त्या करारात सामील नाही. नागपूरहून आणलेल्या मुलासाठी तो दरवाजा नाही. मेसेजमधल्या ताब्याच्या या एका ओळीवर विसंबून एखाद्या आईने महिने घालवले तर ते परत मिळत नाहीत, म्हणून मला या मेसेजचा सगळ्यात जास्त राग याच ओळीसाठी येतो.

व्हिसा आणि डिपोर्टेशनची इमिग्रेशन कोर्टं या दोन्ही शिड्यांवर नाहीत, ती न्याय खात्याच्या अखत्यारीत येतात.

स्टेट कोर्टात हरल्यावर फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील होत नाही. राज्याच्याच शिडीने वर जायचं, आणि तिच्या टोकाला फेडरल कायद्याचा मुद्दा उरला असेल तर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला विनंती करायची. ते फार थोड्या विनंत्या स्वीकारतं.

राहिलं ‘चुकलं तर कोर्ट पाठवतं’. भारतात अधिकार नसलेलं न्यायालय वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत देतं, आणि चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला काळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होतो. इथे फेडरल कोर्ट मुळात त्याच्याकडेच दाखल झालेला दावा राज्याच्या कोर्टाकडे पाठवू शकत नाही, फेटाळतं. तेही कधीही: सुनावणीच्या मध्यात, निकालानंतर, अपिलात. १८०४ साली तर स्वतः दावा लावून हरलेल्या वादीनेच अधिकार नव्हता म्हणून निकाल रद्द करून घेतला होता. मधल्या काळात मुदत संपली तर काही राज्यं सवलत देतात, पेनसिल्व्हेनियात प्रकरण हलवून घेण्याची सोय कायद्यातच आहे. पण ती सगळीकडे मिळेल असं धरून चालता येत नाही. शिवाय ४०५ डॉलरची फी गेलेलीच असते.

काकांची फी वाचली, कारण फॉर्म अजून दाखल व्हायचा होता. न्यू जर्सीत करारभंगाची मुदत सर्वसाधारणपणे सहा वर्षं आहे, त्यातली जवळजवळ चार शिल्लक होती. दावा मिडलसेक्स काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात, न्यू ब्रन्सविकला गेला. तिथल्या माहितीपत्रकावर दुभाषी लागेल का, लागल्यास कोणत्या भाषेचा, असा प्रश्न असतो. काकांनी तिथे स्वतःच्या हाताने ‘मराठी’ लिहिलं.