पेपर आहेत म्हणजे पिल्लाचे डोळे चांगले, असं नसतं हो

दोन आठवडे झाले, आमच्या दादरच्या श्वानप्रेमी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे) पेपर असलेलं पिल्लू घ्या, आईबापाचे डोळे स्वतः बघून घ्या, डोळ्यांचा त्रास कधीच होणार नाही. विलायती कुत्र्यांचे डोळे मुंबईच्या उकाड्याने जातात. आणि गेलेच तर तो मोतीबिंदू, ऑपरेशन केलं की परत दिसतं." यातलं एकही वाक्य खरं नाहीये, आणि माझी लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्री, राणी सहाव्या वर्षीच जवळजवळ आंधळी झालीय त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

पेपरवर आई कोण, बाप कोण, आजा कोण एवढंच असतं. राणीचेही पेपर आहेत, कपाटात फाईल लावून ठेवलीय.

"आईबापाचे डोळे बघा" हे जास्त फसवं, कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं. लॅब, कॉकर, पूडल यांच्यात जो पीआरए येतो, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होत जातो, त्यात खराब जीन आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्हीकडून आली तरच कुत्र्याची नजर जाते. एकाच बाजूने आली तर तो नुसता कॅरियर, त्याला यामुळे काही होत नाही, आणि कुठलाही डॉक्टर त्याच्या डोळ्यात बघून हे ओळखू शकत नाही. असे दोन कॅरियर मेट केले की प्रत्येक पिल्लामागे चारात एक चान्स आंधळेपणाचा. आणि एकाच नावाजलेल्या नराकडून सगळीकडे मेटिंग करून घेतात, मग पुढे त्याच्याच नातीपणतींना त्याच्याच वंशातले नर लावतात, तिथे ही दोन खराब जीन एकत्र येतात. वर ज्याला आजार आहे तो लॅबही बऱ्याचदा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत ठणठणीत वाटतो, तोवर त्याच्या दोन-तीन वेतांची पिल्लं विकून झालेली असतात.

राणीचं तसंच झालं. जिन्यातला बल्ब गेला होता, ती शेवटच्या पायरीवर थांबून पुढचा पाय हवेत चाचपत होती, आणि मी तिला ओरडलो, चल ना गं, काय नखरे. पहिल्यांदा अंधारातलं दिसायचं बंद होतं हे मला माहीतच नव्हतं. दिवसा शिवाजी पार्कात बॉल आणत होती की! मग एकदा मोबाईलचा टॉर्च तिच्या तोंडावर पडला तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या तशाच राहिल्या आणि डोळे आतून भलतेच चमकले, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो.

उकाड्याचं म्हणाल तर हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला १९११ मध्ये, स्वीडनमधल्या गॉर्डन सेटर कुत्र्यांत. हवेचा काही संबंध नाही.

मोतीबिंदूवाला सल्ला मात्र खरंच घातक आहे. पीआरए झालेल्या कुत्र्याला पुढे बऱ्याचदा मोतीबिंदूही होतो, डोळा पांढरा दिसतो, लोक ऑपरेशनला पैसे भरतात आणि नजर काही येत नाही कारण मागचा पडदाच गेलेला असतो. म्हणून ऑपरेशनआधी ईआरजी नावाची तपासणी करून पडदा काम करतोय का हे बघायला सांगा. पीआरए आजही औषधाने बरा होत नाही.

पण तो टाळता येतो, राग याचाच येतो. लॅबमधल्या नेहमीच्या पीआरएचं जीन २००६ मध्येच सापडलंय, गालाच्या आतून स्वॅब किंवा थोडं रक्त घेतलं की डीएनए टेस्ट होते. कॅरियर निघाला म्हणून कुत्रा बाद होत नाही, त्याला क्लिअर, म्हणजे ती खराब जीन नसलेला, जोडीदार दिला की त्या जीनमुळे एकही पिल्लू आंधळं होत नाही. पिल्लू बघायला जाल तेव्हा दोघांचे रिपोर्ट मागा, आणि रिपोर्टवरचा कुत्र्याच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा नंबर पेपरशी जुळवून बघा.

राणीच्या ब्रीडरला मी दोनदा फोन केला, तिच्या आईची टेस्ट करून घ्या म्हणून. "बघू" म्हणाले. त्या आईचं अजून एक वेत यायचंय असं कळलंय, उद्या परत करतोय फोन.