तीन दिवसांची एकच प्रार्थना, तिचे तुकडे करू नका

पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, आला की गोव्यातल्या कॅथलिकांत एक सवय दिसते. बरेच जण गुरुवारी पाय धुण्याचा विधी बघून उठतात, शुक्रवारी मिरवणुकीपुरते येतात आणि शनिवारी रात्र लांबते म्हणून थेट ईस्टर रविवारची सकाळची मिसा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) गाठतात. माझं स्पष्ट मत आहे की हे अर्धं जेवून पानावरून उठण्यासारखं आहे. गुरुवारच्या मिसेच्या शेवटी आशीर्वाद नसतो, हे कितीजणांच्या लक्षात येतं? शुक्रवारचा विधी खुर्साच्या (क्रुसाच्या) खुणेशिवाय सुरू होतो. पाद्री निमूट येतात, वेदीसमोर पालथे पडतात किंवा गुडघे टेकतात, आणि शेवटी लोकही निमूटच पांगतात. समारोपाचा आशीर्वाद मिळतो तो शनिवारी रात्री. म्हणजे गुरुवारी सुरू झालेली प्रार्थना तोवर संपलेलीच नसते.

गुरुवारी ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या ग्लोरियापर्यंत मुक्या होतात, त्यांच्या जागी लाकडी मात्राक खडखडते. पाय धुवून घेण्यासाठी बायकांनाही निवडता येतं, पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये तसा बदल केला. तरी काही ठिकाणी अजून पुरुषच बसवतात, ते का ते त्यांनाच ठाऊक. मिसेनंतर ख्रिस्तशरीर (मिसेतली पवित्र भाकर) वेगळ्या जागी नेतात, वेदी उघडी करतात आणि मध्यरात्रीपर्यंत आराधना चालते. इथे घोटाळा होतो तो आवाजाचा. प्रत्येक वाड्याला तास वाटून दिलेला असतो, आणि तो तास तेर्स (जपमाळ), लदीन (आळवणीची प्रार्थना), गायन यांनी असा ठासून भरतात की श्वास घ्यायला फट राहत नाही. तासातली निदान वीस मिनिटं माईक बंद ठेवा. वाचायचंच असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा) 17वा अध्याय पुरे. 13 ते 17 हे अध्याय एका बैठकीत वाचायला गेलात तर निम्मे लोक डुलक्या घेतील.

शुक्रवारी मिसा नसतेच, ख्रिस्तशरीर आदल्या दिवशी ठेवलेलं वाटतात. मुख्य विधी दुपारी तीनच्या सुमारास. खुर्साची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले चौदा टप्पे चालत स्मरणं, ही भक्ती, त्या विधीची जागा ती घेत नाही, म्हणून ती सकाळी उरकावी. उघड्यावर असेल तर ऊन चढायच्या आत. चौदा टप्पे आणि एक तास, म्हणजे टप्प्याला जेमतेम चार मिनिटं: आराधनेची ओळ, दोन-तीन वचनं, मिनिटभर शांतता, प्रार्थना, मग चालताना एक कडवं. बिघडतं ते नेहमी एकाच प्रकारे. पहिल्या तीन टप्प्यांवर प्रवचन रंगतं, दहाव्यानंतर घाई सुटते, आणि ज्यासाठी चालत आलो तो बारावा टप्पा, खुर्सावरचं मरण, धावत उरकला जातो. कात्री लावायची तर प्रवचनाला लावा, शांततेला नको. ज्यांना येशूचं तीनदा पडणं किंवा त्याचा चेहरा पुसणारी वेरोनिका शुभवर्तमानात सापडत नाही म्हणून खटकतं, त्यांच्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये वापरलेली, निव्वळ शुभवर्तमानावर आधारलेली वाट आहे.

घरी योहानाचे 18 आणि 19 हे अध्याय मोठ्याने वाचा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. 19व्या अध्यायाच्या 30व्या वचनाला, जिथे येशू प्राण सोडतो, थांबून गुडघे टेका. मराठी वाचणाऱ्यांच्या हाताशी तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण आहे, 1616 मध्ये राशोलला छापलेलं. त्याच्या दुसऱ्या भागातल्या, म्हणजे दुसऱ्या पुराणातल्या, येशूच्या दुःखसहनाच्या ओव्या वाचायच्या नाहीत, म्हणायच्या.

शुक्रवारच्या उपासाचं एक बोलून टाकतो. 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसाला एक पूर्ण जेवण आणि दोन किरकोळ खाणी, दोन्ही मिळून एका जेवणाइतकीही नाहीत. मांस 14 वर्षांपासून वर्ज्य. मासे चालतात म्हणून इसवणाचे (सुरमईचे) जाड तुकडे तळून ताट भरणं नियमात बसतं, पण त्यापेक्षा पेज आणि लोणचं बरं.

शनिवारी दिवसभर सक्रार (ख्रिस्तशरीर ठेवायची पेटी) रिकामी असते आणि मिसा नसते. घरातही त्या दिवशी फेस्ताची (सणाची) गाणी नकोत. रात्रीचा विधी अंधार पडल्यावरच सुरू करायचा. मोठ्या मेणबत्तीवर पाद्री खुरीस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोनांत वर्षाचे चार आकडे, आणि धुपाचे पाच दाणे खोवतात. बायबलच्या जुन्या करारातली वाचनं सात. अडचण असेल तर तीनवर आणता येतात, पण त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा 14वा अध्याय गाळता येत नाही. "ख्रिस्ताचा प्रकाश" ही हाक तीनदा होते, आणि इगर्जीतले (चर्चमधले) दिवे तिसऱ्या हाकेनंतर लागतात. स्विचपाशी जो उभा असेल त्याला हे आधी नीट सांगून ठेवा, कारण पहिल्याच हाकेला कुणीतरी उत्साहाने ट्यूबलाईट लावतो आणि सगळा अंधार वाया जातो. लोकांच्या हातातल्या छोट्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती हवीच. ज्योत घेताना पेटलेली मेणबत्ती सरळ धरा आणि न पेटलेली तिरकी करून तिच्याकडे न्या. उलटं केलंत तर मेण शेजाऱ्याच्या नव्या कपड्यांवर.