पिकअपचं पुढचं सस्पेन्शन ‘जाणारच’ असतं का?

पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मतितार्थ असा: पुढचं सस्पेन्शन (चाकं आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली, दणके गिळणारी यंत्रणा) सारखं जाणारच, आपले रस्तेच तसे; माल मागे असतो, त्यामुळे ओव्हरलोडचा पुढच्या भागाशी संबंध नाही; पुढेमागे स्प्रिंगचा एकेक पाटा (लोखंडी पट्टी) वाढवा, हवा जास्त ठेवा, अलाइनमेंटवर (चाकांचे कोन जुळवण्यावर) पैसे घालवू नका आणि जे गेलं तेवढंच बदला. हप्त्यावर गाडी घेऊन कांदा, सिमेंट, दूध वाहणाऱ्या माणसाचं या सल्ल्याने खरंखुरं नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रस्ते खराब आहेत, हे मान्य. पण एकाच रस्त्यावर चालणाऱ्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचे बुश (सांध्यांत बसवलेल्या नळ्या) टिकतात आणि दुसरीचे टिकत नाहीत, तेव्हा सगळा दोष खड्ड्यावर टाकता येत नाही. खड्डा टळत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा आणि चाक आत उतरताना पाय काढून घ्या. ब्रेक दाबलेला असला की पुढचा भाग आधीच खाली बसलेला असतो. स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि दणका थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतो.

‘माल मागे, पुढच्या भागाशी संबंध नाही’ हा सगळ्यात घातक मुद्दा. साधा हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि हौद्यात १,५०० किलो माल आहे असं धरा. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर १५० किलो पुढच्या चाकांवर येतात. तेवढ्याच वजनाच्या सिमेंटच्या गोण्या केबिनला चिकटवून रचल्या आणि मध्य ८० सेंटिमीटर पुढे सरकला, तर पुढे ४०० किलो येतात. माल तोच, पासिंगही तेच, फक्त रचण्यात फरक.

हे झालं उभ्या गाडीचं. आता ब्रेक मारा. मालासकट ३,००० किलोची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून १ मीटर उंच, ब्रेक बऱ्यापैकी जोरात, म्हणजे वेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने कमी होतोय. त्या क्षणी आणखी ५०० किलोंचा भार मागून पुढे येतो. कांद्याच्या गोण्या केबिनच्या वर गेल्या की वजनाचा मध्य उंचावतो आणि हा आकडा वाढतो. नाशिककडून वाशी मार्केटला निघालेली भरलेली गाडी कसारा घाट उतरताना वळणावळणाला हेच सोसत असते. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. तो निदान पावतीवर दिसतो. किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिची, झीज कुठेच लिहिलेली नसते.

पाटा वाढवण्याबद्दल. पुढे पाटा टाकला की गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग कडक होते. जो दणका पाट्यांनी गिळायचा, तो किंगपिन, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि व्हील बेअरिंगवर जातो. मागे टाकलेला पाटाही पुढचं गणित बिघडवतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मागचा भाग ५ सेंटिमीटर उचलला की सगळी चासी पुढे झुकते आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) जवळजवळ १ अंशाने कमी होतो. मुळात तो मोजक्याच अंशांचा असतो. मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, गाडी रस्त्यावर भटकते आणि दोष कॅस्टरचा असताना बदलले जातात टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे).

हवेबद्दल फार बोलायला नको. टायर गार असताना, कंपनीने लावलेल्या स्टिकरवर जेवढी लिहिली आहे तेवढीच भरा. दगडासारखा कडक टायर मधोमध झिजतो आणि प्रत्येक दणका वर पोचवतो.

‘पाट्याच्या गाडीला अलाइनमेंट नसतं’ हे चूकच. पुढे सरळ एक्सल असला तरी टाय रॉडवरून टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) जुळवावाच लागतो. तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडला आहे. थोड्या थोड्या अंतरावर खळगे जाणवले तर बहुधा शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेत किंवा बेअरिंग ढिलं आहे.

आता ‘गेलं तेवढंच बदला’. वारंवार खर्च येण्याचं मूळ मला इथेच दिसतं. पुढे पाटे नसलेल्या गाडीत लोअर आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश नवा टाकला आणि गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, असं सर्रास होतं. गाडी खाली आली की आर्म वर सरकतो, पण बुशची मधली नळी आवळलेल्या जागीच अडकलेली असते. रबर उभ्या गाडीतही पिळलेलं राहतं. प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळलं जातं, फाटतं, खटखट सुरू होते आणि मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनतीनदा दाबून हलवायची आणि मगच आवळायचे. पाट्यांच्या बुशचंही तसंच. पाटे खोलले असतील तर यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे बोल्ट) गाडी थोडं अंतर चालवून पुन्हा आवळून घ्या. ते ढिले राहिले तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकतो. शॉक मात्र नेहमी जोडीने बदला.

किंगपिनला ग्रीस मारताना चाक उचललेलं हवं. भार असताना थ्रस्ट बेअरिंगच्या (गाडीचं वजन पेलणाऱ्या किंगपिनच्या बेअरिंगच्या) फटीत ग्रीस शिरत नाही. जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा.

काय गेलंय हे ओळखायलाही अंदाजाची गरज नाही. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ थांबला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाकाला धरणारा गोळ्याचा सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ असेल तर आधी टाय रॉड एंड बघा. स्प्रिंग खालच्या आर्मवर असलेल्या गाडीत जॅक त्या आर्मखालीच लावा. चासीखाली लावला तर स्प्रिंगच्या दाबाने बॉल जॉइंटचा खेळ लपून राहतो. आणि बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर ‘एवढी खेप मारून येतो’ म्हणू नका. तो निसटला की चाक आडवं पडतं, स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो. माल दुसऱ्या गाडीत भरा.