एमटीआय म्हणे!

सकाळी डबा भरत होते, तेवढ्यात परभणीहून भाचीचा फोन. "मावशी, एमटीआय म्हणजे काय गं?" पोटात गोळाच आला. पोरगी बीकॉम फर्स्ट क्लास, एक्सेलमध्ये आमच्या टीमला पाणी पाजेल, आणि कॉल सेंटरच्या एचआरचं उत्तर काय तर हेवी एमटीआय, व्हॉइसला म्हणजे फोनवर बोलायला नको, नॉन-व्हॉइसला म्हणजे लिहायच्या कामाला घेऊ, पगार अर्थातच कमी. मदर टंग इन्फ्लुअन्स! आईची भाषा म्हणजे काय पुरळ आहे का, अंगावर उठायला?

२००६ ला मीही पुण्यात याच रांगेत होते. ट्रेनिंगला तोंडासमोर कागद धरायचा आणि "पेपर" म्हणायचं, कागद हलला पाहिजे. इंग्रजीतला पहिला प हवा सोडत येतो, आपला कोरडा. माझा कागद ढिम्म. शेजारची कॉन्व्हेंटवाली पहिल्या झटक्यात पास. तिला अकरा हजार, मला सात. कस्टमर तेच, तक्रारी त्याच, ती फोनवर बोलायची, मी ईमेल लिहायचे. महिन्याला चार हजार, कागद हलवायचे!!

समोरच्याला कळलं पाहिजे, मान्य. पण कळत नाही म्हणून किती जण जातात आणि "गावची वाटते" म्हणून किती, हे एचआरवाल्यांनी पोटच्या पोराची शपथ घेऊन सांगावं. आणि गोरे तरी सगळे बीबीसीसारखे बोलतात का? लिव्हरपूल-बर्मिंगहॅमच्या पोरांनाही लंडनमध्ये नाकं मुरडतातच की. ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या थॅचरबाई किराणावाल्याची लेक, त्यांनीही आवाजाची शिकवणी लावली होती. तिकडच्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वंश, धर्म, वय सगळं आहे, ॲक्सेंट नाही. आणि आता तर टेलिपरफॉर्मन्स या कॉल सेंटर कंपनीने २०२५ मध्ये एआय आणलंय, आपला एजंट बोलता बोलताच त्याचा ॲक्सेंट मऊ करतं. म्हणजे कागदही गेला. मग आता तरी पगार सारखे करा ना! नाही करणार.

जाऊ दे. खरं सांगू? मागच्या महिन्यात मी स्वतः मुलाखतीच्या पॅनलवर होते. यवतमाळचा मुलगा, "ब्यांक" म्हणाला, सगळे हसले, मीही हसले, आणि रिमार्कच्या रकान्यात एमटीआय लिहून पुढचा फॉर्म घेतला. कागद न हललेली मी. सकाळपासून तेच डोक्यात आहे, भाचीला धड काही सांगताही आलं नाही, "नेटवर्क नाहीये" म्हणून फोन ठेवला.

असो. कोणाकडे फ्रेशरची व्हेकन्सी असेल तर इनबॉक्स करा. एक्सेल उत्तम, मराठी-हिंदी उत्तम, इंग्रजी परभणीचं.