पुन्हा तोच निंब, पुन्हा तेच खिळे

मागच्याच रविवारी मेहरूण तलावाकडच्या रस्त्यावर आम्ही चौघांनी पक्कड घेऊन निंबातले खिळे उपसले. हाताला फोड आले. आज बघतो तर त्याच बुंध्यावर कुठल्याशा क्लासची नवी पाटी, चार इंची खिळ्यांनी ठोकलेली! अहो भाऊ, सालीच्या आतूनच झाडाचं अन्न मुळांकडे जातं, तिथेच घाव घालता? वर बुंध्याशी कचरा पेटवता. साल भाजली की त्या बाजूनं झाड वाळत जातं.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पहाटे कॅन वाहून आम्ही रोपं जगवतो. झाडं जपायचा कायदा १९७५ पासून आहे, वाचतो कोण? पाटीसाठी दोन बांबू रोवा ना, पैसे आम्ही देतो!