अंड्यात पिल्लू असतं म्हणे!

परवापासून आमच्या बेळगावकडच्या खानापूर साईडच्या तीन-चार ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडात, अंडं म्हणा नाहीतर तत्ती म्हणा, थाप तीच. म्हणे दुकानातल्या प्रत्येक अंड्यात जिवंत पिल्लू असतं, पिवळं म्हणजे त्याचं अंग, पांढरी दोरी म्हणजे नाळ, लाल ठिपका म्हणजे रक्त, आणि अंडं घातल्या क्षणापासून आत हृदय धडधडत असतं. खाली लिहिलंय, शाळेत पोरांना अंडं देऊ नका. तुम्हाला नको तर खाऊ नका की, शाळेत केळं पण मिळतं, पण खोटं कशाला पसरवता?

दुकानातलं अंडं लेयर पोल्ट्रीतलं, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथलं. तिथं पिंजऱ्यात नुसत्या कोंबड्या, कोंबडा औषधालाही नसतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त ती वांझ. त्यावर २१ दिवस काय, २१ महिने कोंबडी बसवली तरी वासच सुटणार.

पिवळं म्हणजे पिल्लू नव्हे, पिल्लाचा डबा. शिदोरी म्हणा. पिल्लू होतं ते पिवळ्यावरच्या एका पांढऱ्या ठिपक्यातून. काल मी किराणा दुकानातलं एक आणि आजीच्या खुराड्यातलं एक अशी दोन अंडी एकाच ताटात फोडली. दुकानातल्याचा ठिपका लहान, भरीव, कडा फिसकटलेल्या. गावरान अंड्याचा मोठा, जवळजवळ चार मिलिमीटर, आणि मधे फिकट, भोवती कडं, बांगडीसारखं. हे कडं दिसलं की समजायचं अंडं फळलेलं आहे. ती पांढरी दोरी मात्र दोन्हीत होती. नाळ असती तर वांझ अंड्यात कुठून आली? ती पिवळ्याला मधोमध धरून ठेवते, बास. लाल ठिपक्याचं पण तसंच, पिवळं कोंबडीच्या अंडाशयातून सुटताना तिचीच एखादी बारीक शीर फुटते, रक्त कोंबडीचं.

आता हृदयाचं. इथं जरा थांबतो कारण मेसेजवाल्याने सगळ्यात मोठी फेक इथंच केलीय. फळलेल्या अंड्यात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार हे काम कोंबडीच्या पोटातच सुरू होतं, कारण कवच चढायलाच जवळजवळ २० तास लागतात. अंडं बाहेर पडतं तेव्हा त्या ठिपक्यात ४० ते ६० हजार पेशी झालेल्या असतात. आकडा मोठा वाटतो, खरं ती नुसती पातळ चकती, ना डोकं ना पाय ना रक्ताचा थेंब. आणि साधारण २० डिग्रीच्या खाली ती तशीच थांबून राहते. खुडूक कोंबडी बसली, ३७-३८ डिग्रीची ऊब लागली की पुढं सरकते. पहिल्या दिवसात चकतीच्या मधे एक रेघ उमटते, तिच्यातून पेशी आत शिरतात आणि तीन थर पडतात, वरच्यातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हृदय आणि स्नायू, खालच्यातून आतडी. हृदय हलायला लागतं ते दीड दिवसाच्या उबेनंतर. ॲरिस्टॉटलनं साधारण साडेतेवीसशे वर्षांपूर्वी उबवलेली अंडी फोडून बघितली होती, त्याला तो उडणारा लाल ठिपका तीन दिवसांनी दिसला. त्याच्याकडे भिंग नव्हतं, आणि यांच्याकडे मोबाईल असून अंडं फोडून बघायची तसदी नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. गावरान अंडं उन्हाळ्यात, म्हणजे अथणी-गोकाकच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर कोंबडी न बसताही ती चकती थोडी वाढायला लागते आणि मग अर्ध्यावर बिघडते. म्हणून आजी अंडी माठाशेजारी गार जागेत ठेवायची, आता फ्रिजमध्ये ठेवते. तेवढ्यावरून दुकानातल्या ट्रेवर आळ घेणं म्हणजे वडाची साल पिंपळाला.

आजीची खुडूक सोमवारपासून डालग्यात ११ अंड्यांवर बसलीय. शुक्रवारी रात्री लाईट बंद करून एकेक अंडं टॉर्चवर धरणार आहे. फळलेल्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतील, वांझ असेल ते नुसतं पिवळट उजेड देईल. शेजारी दुकानातलं एक पण धरतो. दोन्हीचे फोटो त्याच ग्रुपवर टाकतो.